ग्रामसभेतील गोंधळाच्या बाजूने

'आमच्या गावची निवडणूक बिनविरोध झाली' हे वाक्य आपल्या जिल्ह्यात ज्या अभिमानाने उच्चारले जाते, त्या अभिमानाने 'आमची ग्रामसभा चार तास चालली आणि सरपंचांना घाम फुटला' हे वाक्य मी अजून कोणाच्या तोंडून ऐकलेले नाही. उलट वर्तमानपत्राच्या तालुक्याच्या पानावर 'ग्रामसभेत गदारोळ', 'शाब्दिक चकमक', 'गोंधळातच सभा गुंडाळली' असे मथळे आले, की वाचणारा मनाशी म्हणतो, गाव बिघडले. सुशिक्षित मनुष्य तर हटकून म्हणतो. आपण महाविद्यालयात शिकणारी मंडळी सुशिक्षितांत मोडतो, निदान तशी आपली समजूत आहे. म्हणून या लेखात मला त्या गोंधळाची थोडी वकिली करावयाची आहे.

सगळ्याच गोंधळाची नव्हे. खुर्च्या फेकणे आणि गचांड्या धरणे याची वकिली कोणी करू नये. माझे म्हणणे एवढेच, की निवडून दिलेल्या माणसाला जेथे समोरासमोर जाब विचारला जातो ती सभा शांत असू शकत नाही. आणि ज्या गावात ती वर्षानुवर्षे शांतपणे पार पडते तेथे एक तर देवमाणसे राहत असावीत, नाही तर प्रश्न विचारणारे घरी बसत असावेत. देवमाणसांचा पुरवठा सर्वत्रच बेताचा आहे.

प्रथम ग्रामसभा म्हणजे काय ते सांगतो, कारण ग्रामपंचायतीची मासिक सभा आणि ग्रामसभा यांतील फरक आमच्या वर्गातील पुष्कळ मित्रांना सांगता आला नाही. मासिक सभा ही निवडून आलेल्या सदस्यांची. ग्रामसभा ही गावच्या मतदारयादीत ज्याचे ज्याचे नाव आहे त्या प्रत्येकाची. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तिला घटनेत मानाचे स्थान मिळाले (दुरुस्ती १९९२ ची, अंमल २४ एप्रिल १९९३ पासून), परंतु महाराष्ट्राच्या १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यात ती आधीपासूनच होती. वर्षातून निदान चार सभा घेतल्या पाहिजेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे दिवस त्यासाठी रूढ झाले आहेत. पुरेशा कारणावाचून सभा घेण्यात कसूर करणाऱ्या सरपंचाचे पद जाऊ शकते. आर्थिक वर्षाच्या पहिल्या सभेत जमाखर्च, कारभाराचा अहवाल आणि हिशेबतपासणीतील शेरे गावापुढे ठेवावे लागतात. मतदानाचे वय एकवीसवरून अठरावर आले ते १९८९ मध्ये. त्यामुळे आपल्या वसतिगृहातील जवळजवळ प्रत्येक जण कोणत्या ना कोणत्या ग्रामसभेचा आजन्म सभासद आहे, त्याला ठाऊक असो वा नसो. या सभासदत्वाला वर्गणी नाही, त्यामुळेच की काय, त्याची किंमतही कोणाला वाटत नाही.

याच्या उलट गर्दी कशाला होते, तर जनता दरबाराला. आमदार यावेत, खासदार यावेत, मंत्री यावेत, मंडप पडावा आणि लोकांनी अर्ज घेऊन रांग लावावी, हे दृश्य आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. तेथे कामे होत नाहीत असे मी म्हणत नाही. साहेबांनी जागच्या जागी तहसीलदारांना फोन लावला आणि सहा महिने अडलेली विधवेची पेन्शन सुटली, असे प्रकार घडतात आणि त्या बाईच्या दृष्टीने ते लहान नाहीत. पण तेथे बोलणारा 'माझे काम' म्हणून बोलतो, आणि काम झाले की उपकृत होऊन परततो. 'दरबार' हा शब्द उगाच आलेला नाही. साहेबांनी दरबार भरवलाच पाहिजे असा कायदा नाही. ती त्यांची मर्जी. ग्रामसभा मात्र सरपंचाच्या मर्जीवर नाही, आणि तेथे उभा राहिलेला माणूस 'आमचे पाणी', 'आमचा रस्ता' अशा भाषेत बोलू शकतो. फरक बहुवचनाचा आहे. पण राज्यशास्त्राच्या तीन वर्षांत मला जे काही उमजले त्यात या फरकाचा क्रमांक बराच वरचा लागेल.

आता एका सभेविषयी. गाव जिल्ह्याच्या दक्षिणेकडील, कायम दुष्काळी; नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण अशी गावे पुष्कळ आहेत. मतदार सुमारे चौदाशे. नियमाप्रमाणे गणपूर्तीला एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी माणसे लागतात. म्हणजे येथे शंभर. १ मे रोजी मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात सह्या भरल्या त्रेसष्ट. अर्धा तास वाट पाहून सभा तहकूब झाली. पुढच्या आठवड्यात तीच सभा पुन्हा भरली तेव्हा आम्ही चाळीसच्या आसपास होतो, आणि सभा रीतसर चालू झाली! कारण तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मित्रहो, या एका नियमात आपल्या ग्रामीण कारभाराचे अर्धे रहस्य साठवलेले आहे. पहिल्या सभेला गाव फिरकत नाही, दुसऱ्या सभेला फक्त ठराविक मंडळी येतात, आणि त्या मंडळींनी केलेला ठराव हा 'ग्रामसभेचा ठराव' म्हणून तालुक्याला जातो. यात बेकायदा काहीही नाही. म्हणूनच ते इतके सोयीचे आहे.

त्या दिवशीही सर्व काही सोयीनेच चालले होते. विषय वाचला जाई, कोणी तरी 'मंजूर' म्हणे. चौथा विषय पाणीटंचाईच्या आढाव्याचा होता. तो वाचून पुढच्या विषयाकडे वळणार तोच मागे, खांबाला टेकून बसलेल्या एक मावशी उठल्या. गावाला टँकर चालू होता. टंचाईच्या काळात माणशी दररोज वीस लिटर हा सरकारी मापदंड. गावची वस्ती अठराशे. म्हणजे छत्तीस हजार लिटर, बारा हजारी टँकरच्या तीन खेपा. वहीत रोज तीन खेपा लागत होत्या. टँकर ज्या विहिरीत रिता होई ती विहीर मावशींच्या दारासमोर, आणि मावशींनी भिंतीवरच्या कालनिर्णयावर रोज जितक्या वेळा टँकर आला तितक्या पेन्सिलीच्या रेघा मारून ठेवल्या होत्या. ते पान त्यांनी घडी करून सोबत आणले होते.

"आबा, दोनच येत्यात. तिसरी कुठं जाती?"

एवढाच प्रश्न. सरपंच आबा अनुभवी गृहस्थ. ते म्हणाले, "वहिनी, ही तहकूब सभा हाय. विषयपत्रिकेवर नाही तो विषय हितं घेता येत नाही." नियम खरा होता, तहकूब सभेत नवा विषय काढता येत नाही. पण तेवढ्यात एक निवृत्त गुरुजी उठले, फळ्यावर डकवलेली नोटीस काढून आणली आणि विषय क्रमांक चार मोठ्याने वाचून दाखवला: पाणीटंचाईचा आढावा घेणे. मग जे व्हायचे ते झाले. आबांच्या बाजूची तरुण पोरे उठली, 'तुम्हाला कोणी पढवून पाठवलं ते ठाऊक आहे' इथपासून सुरुवात झाली, मागच्या निवडणुकीतील उणीदुणी निघाली, कोणाच्या तरी गोठ्यासाठी मिळालेल्या अनुदानाचा उद्धार झाला. एक जण तर मावशींच्या मुलाच्या दारूवर घसरला. मावशी बसल्या नाहीत. त्यांचे बोलणे एकच: "आदी खेपाचं सांगा."

या गदारोळात भाऊसाहेब हळूच इतिवृत्ताची वही मिटू लागले. (२०२४ मध्ये शासनाने ग्रामसेवकांचे नामकरण 'ग्रामपंचायत अधिकारी' असे केले, गावाने अद्याप 'भाऊसाहेब' सोडलेले नाही.) गुरुजींनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला आणि म्हणाले, "भाऊसाहेब, वही मिटू नका. बाईंचा प्रश्न लिहा." पुढची चाळीस मिनिटे जे भांडण झाले ते पाण्याविषयी नव्हते, एका वाक्याविषयी होते. भाऊसाहेबांचे वाक्य: 'टँकरच्या खेपांबाबत सविस्तर चर्चा झाली.' गुरुजींचे वाक्य: 'नोंदवहीत तीन खेपा असता प्रत्यक्षात दोनच येतात अशी तक्रार सभेत झाली, नोंदवही पुढील सभेपुढे ठेवण्यात यावी.' ज्याने कधी सरकारी कागद हाताळला असेल त्याला या दोन वाक्यांतील अंतर किती मैलांचे आहे हे सांगावयास नको. पहिल्या वाक्यानंतर कोणालाही काहीही करावे लागत नाही. दुसरे वाक्य एकदा शाईने लिहिले गेले की कोणाला तरी उत्तर द्यावे लागते. शेवटी दुसरे वाक्य लिहिले गेले, 'तक्रार'ऐवजी 'सूचना' एवढी तडजोड होऊन.

दुसऱ्या आठवड्यापासून तिसरी खेप येऊ लागली. ती इतके दिवस कोठे जात होती याविषयी गावात अनेक मते आहेत. नोंदवही ऑगस्टच्या सभेपुढे आली. तिच्यावरील काही सह्या कोणाच्या, याचा वाद अजून मिटलेला नाही.

यावर आमचे काही प्राध्यापक म्हणतील, आणि एकांनी म्हटलेही, की हे सारे ठीक, पण आदर्श गाव तर एकोप्यानेच घडते. आपल्याच जिल्ह्यात पाहा ना, राळेगणसिद्धी आहे, हिवरे बाजार आहे. पाहू या.

हिवरे बाजारचे पोपटराव पवार एम.कॉम. झालेले तरुण, १९८९ मध्ये गावाने त्यांना बिनविरोध निवडून दिले. त्यांच्या गावाने पुढे जे केले ते शाळेच्या पुस्तकांपर्यंत पोहोचले आहे. पण मला त्यातील जो भाग मोलाचा वाटतो तो एकोप्याचा नव्हे, हिशेबाचा आहे. पावसाळा सरला की पडलेला पाऊस मोजून आणि विहिरींची पातळी पाहून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला जातो, आणि पिके कोणती घ्यावयाची ते त्यावरून ठरते. शेतीसाठी कूपनलिका घ्यावयाची नाही, ऊस आणि केळी लावावयाची नाहीत, असे निर्बंध गावाने स्वतःवर घालून घेतले. ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्याला 'तू ऊस लावू नकोस' असे चारचौघांत सांगणे आणि त्याने ते ऐकणे, हे वादावादीवाचून झाले असेल असे ज्याला वाटते त्याने एकदा आपल्या बांधावरून शेजाऱ्याशी बोलून पाहावे. आकडा सर्वांपुढे असला की वादाला तळ सापडतो, एवढेच. मावशींच्या कालनिर्णयाची आणि हिवरे बाजारच्या पर्जन्यमापकाची जात एकच आहे.

राळेगणसिद्धीविषयी लिहिताना हात जरा आखडतो. अण्णा हजारे १९७५ मध्ये गावी परतले आणि त्यांनी गाव उभे केले, याविषयी दुमत नाही. माहितीच्या अधिकारासाठी त्यांनी केलेल्या उपोषणांचे ऋण प्रत्येक प्रश्न विचारणाऱ्यावर आहे. महाराष्ट्राचा कायदा २००२ चा, देशाचा २००५ चा, आणि मध्ये २००३ सालचे आझाद मैदान. परंतु दारू पिणाऱ्याला खांबाला बांधून फटके मारल्याचे अण्णांनी स्वतःच सांगितले आहे. ज्या गावात एका थोर माणसाचा शब्द प्रमाण असतो तेथे 'हे करू नका' असे म्हणणारा पहिला माणूस कोठून यावा? हा प्रश्न थोरवी नाकारण्यासाठी नव्हे. पण थोर माणूस प्रत्येक गावाच्या वाट्याला येत नाही आणि त्याच्यामागून येणारा थोर असेलच असेही नाही. वही मात्र कोणत्याही गावात ठेवता येते.

आणि एकोप्याचे पुढे काय झाले तेही पाहण्याजोगे आहे. जानेवारी २०२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकांच्या वेळी पारनेरचे तत्कालीन आमदार निलेश लंके यांनी बिनविरोध निवडणूक करणाऱ्या गावाला पंचवीस लाखांचा विकासनिधी जाहीर केला होता. हेतू भांडणे टळावीत हाच असेल. तरी राळेगणसिद्धीत बिनविरोधचा प्रयत्न फसून मतदान झाले. हिवरे बाजारमध्ये तर तीस वर्षांनी प्रथमच मतदान झाले आणि पवारांच्या पॅनेलने सातही जागा जिंकल्या. वृत्तपत्रांचा सूर हळहळीचा होता. मला मात्र वाटते, त्या सात जागा जिंकून त्यांचे वजन वाढले. लढत न देता मिळालेला विश्वास आणि मोजून मिळालेला विश्वास यांत दुसरा अधिक टिकाऊ. त्याच महिन्यात नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथील निवडणुका राज्य निवडणूक आयोगाने रद्द केल्या, कारण तेथे पदांचा चक्क लिलाव झाला होता. लिलाव झाला म्हणजे निवडणूक बिनविरोधच व्हायची! बिनविरोध या शब्दाखाली काय काय झाकले जाऊ शकते याचा तो नमुना.

माझ्या बाजूची खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती टाळून चालणार नाही. गोंधळात आवाज कोणाचा चालतो? ज्याचा मोठा असतो त्याचा. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याच्या गौरवाची जी झाडाझडती घेतली ती या ठिकाणी आठवते. खेडे म्हणजे संकुचितपणाचे आगर, हा त्यांचा आशय होता, आणि तो त्यांनी वाचून नव्हे, सोसून सांगितला होता. आजही सभामंडपात कोण पुढे बसते, कोण पायरीवर आणि कोण बाहेरच्या लिंबाखाली, हे कोणीही जाऊन पाहावे. बायकांचा तर प्रश्नच नाही. सरपंचबाईंच्या खुर्चीवर त्यांचे यजमान बसलेले मी डोळ्यांनी पाहिले आहेत. म्हणूनच नियमित ग्रामसभेच्या आधी केवळ स्त्रियांची सभा घ्यावी असे कायद्याने सांगितले आहे, आणि तिच्यातील ठराव ग्रामसभेपुढे यावेत अशी योजना आहे. बहुतेक ठिकाणी ही सभा कागदावरच होते. अकोले तालुक्याच्या आदिवासी भागाला १९९६ चा पेसा कायदा लागू आहे. तेथे वाडी-पाड्याची स्वतंत्र ग्रामसभा असू शकते. दूरच्या पाड्यावरील माणूस मोठ्या गावच्या चावडीत तोंड उघडत नाही, आपल्या पाड्यावर उघडतो, हे ओळखून केलेली ती तरतूद आहे. म्हणजे उपाय गोंधळ बंद करण्याचा नाही. ज्यांचा आवाज त्यात दबतो त्यांना आधी एकत्र बोलू देण्याचा आहे. मावशी एकट्या उभ्या राहिल्या. त्या चौघी असत्या तर त्यांच्या मुलाची दारू सभेत निघाली नसती.

परदेशाचे एक उदाहरण देतो, कारण त्यावाचून आपल्या अंकातील लेख पुरा होत नाही. स्वित्झर्लंडमध्ये ग्लारुस नावाचा एक लहान प्रांत आहे. तेथील मतदार वर्षातून एकदा मे महिन्यात उघड्या चौकात जमतात आणि हात वर करून प्रांताचे कायदे ठरवतात. २००६ साली तेथील सरकारने पंचवीस गावांच्या कारभाराचे एकत्रीकरण करून दहा घटक करण्याचा प्रस्ताव आणला होता. चौकातील एक साधा नागरिक उठला आणि म्हणाला, दहा नकोत, तीनच करा. आणि सभेने सरकारचे न ऐकता त्याचे ऐकले! पुढच्या वर्षी केवळ त्याच विषयासाठी पुन्हा सभा भरली, पुन्हा वाद झाला आणि निर्णय कायम राहिला. २००७ मध्ये याच सभेने मतदानाचे वय सोळावर आणले. तीन चांगले की दहा, हा प्रश्न त्यांचा त्यांना. पण तेथे सभेत उठलेल्या माणसाची दुरुस्ती मतास टाकावीच लागते, तिची नुसती 'सविस्तर चर्चा' होत नाही.

आमच्या नगर शहरातील मित्रांना हे सारे खेड्यातले वाटेल. त्यांच्यासाठी थोडक्यात: महाराष्ट्रात २००९ साली महानगरपालिकांच्या कायद्यात 'क्षेत्रसभा' आली. आपल्या भागातील मतदारांची सभा, नगरसेवकासमोर. बहुतेक शहरांत ती भरलीच नाही, आणि भरली नाही म्हणून कोणी ओरडलेही नाही. आपल्या महानगरपालिकेची मुदत २०२३ च्या अखेरीस संपली आणि पुढे बराच काळ कारभार प्रशासकाकडे होता. त्या काळात तर जाब विचारण्यासाठी नगरसेवकही नव्हता. शहराचे आणि जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले, त्या वेळी बाजूने आणि विरुद्ध जेवढे बोलले गेले त्याचा दहावा हिस्साही या क्षेत्रसभेच्या वाट्याला आला नाही.

राहता राहिले आपण. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण सात दिवस एखाद्या गावात राहतो, श्रमदान करतो, प्रभातफेरी काढतो, शेवटच्या दिवशी सरपंचांच्या हस्ते नारळ घेऊन परततो. गावाने घातलेले पिठले-भाकरीचे जेवण वर्षभर आठवते. पण त्या गावची जमाखर्चाची पत्रके कोठे लावतात, मागच्या ग्रामसभेत काय ठरले, हे विचारलेले मी एकही शिबिर पाहिले नाही. दुसऱ्याच्या गावात ते विचारणे कदाचित औचित्याला सोडून होईल. मग आपल्या गावात विचारावे. तेथे अडचण अशी, की २६ जानेवारीला आणि १५ ऑगस्टला, ज्या दिवसांच्या आगेमागे बहुतेक गावांत ग्रामसभा भरते, त्या दिवशी आपण महाविद्यालयाच्या मैदानावर असतो. झेंडावंदनाची हजेरी सक्तीची असते आणि ती योग्यच आहे. माझी सूचना इतकीच आहे, की त्या दिवशी ज्याने आपल्या गावच्या ग्रामसभेच्या हजेरीवहीत सही केली असेल, त्याने त्या पानाचे छायाचित्र आणून दाखवल्यास त्याची मैदानावरील हजेरी धरण्यात यावी. आणि तहकूब सभेला गेलेल्यास एक दिवसाची कर्तव्यरजा मिळावी. या आशयाचा अर्ज वर्गप्रतिनिधींच्या सह्यांनिशी कार्यालयात दिलेला आहे. आवक क्रमांक मी लिहून घेतला आहे.